पार्षदकी प्रवेशिका: खड्डे आणि झाडं

ही पुस्तिका कोणासाठी

तुम्ही अरेरा कॉलोनीत राहता. एके दिवशी सकाळी शाहपुरा तलावाच्या काठाने फिरताना तुम्ही म्हणालात, "या वॉर्डाचं काही खरं नाही." सोबतच्या दोघांनी माना डोलावल्या. तिसरा म्हणाला, "मग तुम्हीच उभे राहा की!" त्याला विषय संपवायचा होता. तुम्ही मात्र घरी जाऊन आरशासमोर हात जोडून पाहिले. ही पुस्तिका तुमच्यासाठी आहे.

आधी कामापुरती माहिती. भोपाळ नगर निगमात ८५ वॉर्ड. मागची निवडणूक जुलै २०२२ मध्ये झाली, म्हणजे पाच वर्षांच्या हिशेबाने पुढची २०२७ मध्ये. पार्षदाला वयाची २१ वर्षं पुरी लागतात. वरची मर्यादा नाही, आणि आपल्या कॉलोनीतलं सरासरी वय पाहता ते बरंच आहे. २०२२ मध्ये दहा लाखांवर वस्तीच्या शहरात पार्षदाला प्रचारावर पावणेनऊ लाख रुपये खर्चायची मुभा होती. मुभा होती, सक्ती नव्हती. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

पाठ पहिला: शब्दार्थ

महाराष्ट्रातले नातेवाईक 'नगरसेवक' म्हणतात. त्या शब्दात निदान सेवक तरी आहे. आपल्याकडे 'पार्षद'. अर्थ आजीला विचारा. जय आणि विजय हे विष्णूचे पार्षद, वैकुंठाच्या दारावरचे. आत काय ठरतंय यात त्यांना विचारत कोणी नाही. पण सनकादिक ऋषी दारात अडले तेव्हा शाप कोणाला बसला? दारावरच्या दोघांना. नगर निगमाच्या कायद्यातही पार्षदाची इतकी नेमकी व्याख्या सापडणार नाही.

लागणारं साहित्य

चिखलाचे डाग दिसणार नाहीत अशा रंगाचा कुर्ता. पाण्यात गेली तरी जीव हळहळणार नाही अशी चप्पल. एक मोजपट्टी, पाच मीटरची. दोनशे पानी वही. आणि "बघतो" हा शब्द किमान सात सुरांत म्हणायचा सराव.

पाठ दुसरा: खड्डा ओळखणे

नवशिका उमेदवार विचारतो, खड्डा केवढा आहे? मुरलेला विचारतो, खड्डा कोणाचा आहे?

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरी संस्थांसाठी अठरा विषय दिले आहेत. चौथा रस्ते आणि पूल, आठवा शहरी वनीकरण आणि पर्यावरण. ७४ व्या घटनादुरुस्तीने हे १९९३ पासून लागू झालं. कागदावर खड्डाही तुमचा, झाडही तुमचं. आता बाहेर या. गल्लीतला रस्ता निगमचा, पुढचा मोठा रस्ता पीडब्ल्यूडीचा. मधे पाण्याची पाइपलाइन टाकणारे वेगळे, केबल पुरणारे वेगळे, आणि खणून झाल्यावर माती तशीच टाकून जाणारे सगळ्यांत वेगळे. खड्डा जर दोन रस्त्यांच्या सांध्यावर असेल तर तो अनाथ. त्याला वॉर्डातले लोक तुमच्या नावाने हाक मारतात.

शहरात पूर्वी तिसरा मालकही होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ राजधानी झालं. नागपूरची राजधानी गेली, आणि कचेऱ्यांच्या फायलींबरोबर कितीतरी मराठी बिऱ्हाडं इकडे आली. ही नवी राजधानी घडवायला १९६० मध्ये राजधानी परियोजना प्रशासन, म्हणजे सीपीए, उभं राहिलं. रस्ते, बागा, झाडं, सगळं त्याच्याकडे. ऑगस्ट २०२१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराज सिंह चौहान शहरातल्या खराब रस्त्यांवर इतके संतापले की त्यांनी सीपीए बंद करायची घोषणा केली, आणि २०२२ मध्ये ते बंद झालंही. त्याचे रस्ते पीडब्ल्यूडीकडे गेले. खड्ड्यांपायी अख्खं खातं निवृत्त झालं, खड्डे मात्र सेवेत कायम आहेत.

जुलै २०२४ मध्ये पीडब्ल्यूडीने 'लोकपथ' नावाचं ॲप आणलं. खड्ड्याचा फोटो टाकायचा, सात दिवसांत दुरुस्ती, असा वायदा. फक्त खड्डा त्यांच्याच रस्त्यावरचा हवा. म्हणून फोटो काढण्यापूर्वी त्याचं कूळ तपासा. नाहीतर ३०० मीटर पुढे जाऊन अधिक खानदानी खड्डा शोधा. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात खात्याच्या मंत्र्यांनी जाहीरच सांगितलं की रस्ते असतील तोवर खड्डे होतच राहतील. लोक त्यावर चिडले. तुम्ही चिडू नका, वहीत लिहून ठेवा. तुमच्या पाच वर्षांत हे वाक्य किमान दोनदा उपयोगी पडेल.

१८१ या सीएम हेल्पलाइनवर तक्रार कशी चढते तेही शिकून घ्या. एका पायरीवर सुटली नाही तर वरच्या पायरीवर, अशा चार पायऱ्या. मतदाराला तक्रार क्रमांक काढून दिला की तो अर्धा शांत होतो. उरलेला अर्धा संध्याकाळी तुमच्या घरी येतो.

पाठ तिसरा: मोजल्याशिवाय बोलू नये

दुसऱ्याच्या वॉर्डात नाक खुपसू नये, पण अभ्यास सहल म्हणून ऐशबागचा रेल्वे पूल जरूर पाहा. खर्च सुमारे १८ कोटी. जून २०२५ मध्ये पुलाच्या माथ्यावरच्या वळणाचे फोटो देशभर फिरले आणि त्याचं नावच 'नव्वद अंशांचा पूल' पडलं. मुख्यमंत्री मोहन यादव यांनी सात अभियंते निलंबित केले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथे तज्ज्ञाने कोन मोजला, तो ११८-११९ अंशांचा निघाला.

यातून दोन धडे. एक, ११८ अंशांवरही बस वळवणाऱ्या माणसाला घाम फुटतोच. दोन, हसायला सगळं शहर होतं, पण कोन मोजायला माणूस निघाला तो हसून, चिडून, निलंबनं होऊन गेल्यावर. साहित्यात मोजपट्टी का लिहिली ते आता कळलं असेल.

पाठ चौथा: झाडावर प्रेम करणे

हा पाठ सोपा वाटतो, म्हणून यात सगळे नापास होतात.

प्रचाराला दार वाजवा. काकू दार उघडतील, पाणी देतील आणि म्हणतील, "झाडं वाचवा हो तेवढी. उन्हाळ्यात जीव जातो." तुम्ही वहीत 'झाडं' असं लिहून खाली रेघ मारा. जायला वळलात की काकू म्हणतील, "आणि हे समोरचं तेवढं काढून द्या ना. सगळा कचरा गाडीवर पडतो."

दोन्ही वाक्यं मनापासून आलेली असतात. मतदाराला रुंद रस्ता हवा, गाडीला जागा हवी, गाडीवर सावली हवी, आणि सावलीने पानं गाळू नयेत. तुम्ही "बघतो" म्हणा, सूर तिसरा. मग घरी जाऊन मध्य प्रदेशचा नगरी भागातल्या वृक्ष परिरक्षणाचा २००१ चा कायदा वाचा. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. नकार देताना हा कायदा फार कामाचा. दोष भोपाळच्या विधानसभेवर जातो, तुमच्यावर नाही.

आता आपल्या शेजारचाच धडा. ५ जून २०२४ रोजी 'एक पेड़ मां के नाम' मोहीम सुरू झाली. जिकडे तिकडे खड्डे खणले गेले, या वेळी रोपांसाठी. त्याच महिन्यात बातमी आली की पलीकडे शिवाजी नगर आणि तुलसी नगरात मंत्री-आमदारांसाठी नवे बंगले आणि फ्लॅट बांधायचा बेत आहे, आणि त्यासाठी सुमारे २९ हजार झाडं जाणार. जुनी सरकारी क्वार्टर्स, त्यांच्या अंगणात पन्नास-साठ वर्षांची झाडं. लोक घराबाहेर पडले. बायका-माणसं झाडांना मिठ्या मारून उभी राहिली. काही दिवसांतच नगरविकास मंत्री कैलाश विजयवर्गीय यांनी प्रस्ताव मागे घेतल्याचं सांगितलं.

उमेदवाराला झोंबेल अशी गोष्ट इथे लपलेली आहे. मिठी मारायला आलेल्या बहुतेकांकडे ना पद होतं, ना बिल्ला. सकाळी भाजी आणायला निघालेली माणसं होती ती. त्यांना फक्त आपली झाडं माहीत होती. पाठ दुसऱ्यात खड्ड्याचा मालक शोधताना तुमची दमछाक झाली होती. इथे मालक आपण होऊन रस्त्यावर आले.

पाठ पाचवा: दीर्घ पल्ल्याचं नियोजन

बीआरटीएसचं उदाहरण पाठ करा. मिसरोद ते बैरागढ, सुमारे २४ किलोमीटर, बससाठी वेगळी लेन, २०१३ पासून सुरू. जानेवारी २०२४ मध्ये ती उखडायला सुरुवात झाली. भूमिपूजनाला टाळ्या पडल्या, तोडायलाही टाळ्या पडल्या. जाहीरनाम्यात अशी कामं घालावीत ज्यांचा नारळ दोनदा फोडता येतो.

पाठ सहावा: गाव आठवणे

प्रचारात कोणीतरी मराठी काका हमखास म्हणतील, "हिवरे बाजारला जाऊन बघा." ऐकून घ्या, त्यांचं खरं आहे. १९८९ पासून पोपटराव पवारांनी नगर जिल्ह्यातल्या त्या गावात कुऱ्हाडबंदी आणली, चराईबंदी आणली, पाणी अडवलं, आणि सगळं ग्रामसभेत बसून ठरवलं. आता हे अरेरा कॉलोनीत लावून पाहा. कुऱ्हाडबंदी निरर्थक, कारण इथे कुऱ्हाड कोणाच्याच घरी नाही. कुऱ्हाडवाल्याचा फोन नंबर मात्र सगळ्यांकडे आहे. चराईबंदी करावी तर बिट्टन मार्केटच्या भाजीच्या ढिगापाशी उभ्या गाईला ती कोण समजावणार? आणि ग्रामसभा? ती कॉलोनीच्या ग्रुपवर रोज भरते. 'सुप्रभात'ने सुरू होते आणि पार्किंगवर मोडते.

तरी गाव लांब नाही. कोलार २०१४ मध्ये निगमात आलं. तिथून वाहणाऱ्या कलियासोत नदीच्या दोन्ही काठांवर ३३ मीटर हिरवा पट्टा सोडा, असा आदेश हरित लवादाने त्याच वर्षी दिला. या लवादाचं खंडपीठ अरेरा हिल्सवर आहे, आपल्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. नदीकाठी उभं राहून ३३ मीटर पावलांनी मोजा. बहुतेक पावलं कोणाच्या तरी भिंतीशी थांबतील. इथे "बघतो" चालत नाही. वही काढा.

प्रात्यक्षिक

हे मी स्वतः करून पाहिलेलं आहे, म्हणून तपशिलाने सांगतो.

आमच्या गल्लीत एक कडुलिंब आहे. कोणे एके पावसाळ्यात चिखल नको म्हणून कडेला पेव्हर ब्लॉक बसले, ते थेट बुंध्याला चिकटवून. खोड जाड होत गेलं तसे दोन ब्लॉक उचकटून तिरपे झाले, लहान मुलाला घट्ट बुटात कोंबल्यासारखं झाड दिसायला लागलं. दिल्लीत हरित लवादाने २०१३ मध्येच बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. आमच्या गल्लीपर्यंत ती बातमी चालत आली असावी, कारण वेळ बराच लागला.

एका होतकरू उमेदवाराला मी तिथे नेलं. त्याने आधी विचारलं, "हा फुटपाथ कोणाचा?" पाठ दुसरा त्याचा पक्का झालेला होता. आम्ही चौकशी केली, एक अर्ज दिला, मग दुसरा दिला, आणि तोंडी होकार मिळाला. रविवारी सकाळी माळीबुवांनी पहार घातली. पहिला ब्लॉक हलायला दहा मिनिटं लागली, नंतरचे पटापट निघाले. खाली माती नव्हतीच म्हणावं अशी. दगडासारखी पांढरी, आवळलेली. तिच्यात बोटाएवढी मुळं वर येऊन ब्लॉकच्या आकारात सपाट झालेली होती. एक बाटलीचं बूच निघालं आणि मुंग्यांची रांग चवताळली. माळीबुवांनी खुरपं फिरवून माती मोकळी केली. उमेदवाराने बादलीभर पाणी ओतलं. आधी ते वरच तरंगलं, पानं गोल गोल फिरली. मग बुडबुडे आले, आणि पाणी आवाज करत आत गेलं. दुसरी बादली ओतली, तीही गेली. तिसरी आणायला तो स्वतः पळाला, कुर्त्याचा डाग न बघता.

एकूण खर्च: माळीबुवांची मजुरी आणि दोन चहा. वैकुंठाचं दार नाही उघडलं, पण दारावरच्या माणसाच्या हातून एक मीटर जमीन उघडी झाली. कुठल्याही खात्याच्या नकाशात ती दिसणार नाही.

तेवढ्यात काकू गाडीची किल्ली हातात घेऊन बाहेर आल्या. पाहिलं, आणि म्हणाल्या, "अहो, आता मी गाडी कुठे लावू?"

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तर द्या: तुमच्या दारासमोरचा खड्डा कोणाचा?

२. जोड्या लावा: रस्ता, नाली, झाड, केबल; आणि समोर चार खाती. एखादं खातं बंद झालं असल्यास तसं लिहा.

३. रिकाम्या जागा भरा. (डांबराने. मुरूम चालणार नाही, पहिल्या पावसात वाहून जातो.)

४. कारणे द्या: कोन आधी मोजला नाही.

५. तुमच्या गल्लीतल्या झाडांची नावं न बघता सांगा. पाचापेक्षा कमी आल्यास यंदा अर्ज भरू नये.

६. तोंडी परीक्षा: काकूंच्या प्रश्नाचं उत्तर द्या. "बघतो" चालणार नाही. गुण: एक मत.