कॅम्पसमध्ये 'बनवाबनवी'

"काकू, कपडे राहू द्या जरा, कठड्यापाशी या. ऐकलंत का? आमचे चिरंजीव विद्यापीठाच्या हॉस्टेलात 'अशी ही बनवाबनवी' दाखवणार आहेत."

"त्यात काय नवल? 1988 चा सिनेमा. काशीतल्या दुर्गाघाटावरच्या आपल्या मराठी पोरांना तोंडपाठ आहे."

"म्हणून तर! नुसतं बघायचं नाही म्हणे, बघणाऱ्यांनीही बोलायचं. इस्रायलच्या औषधाचा प्रसंग आला की सगळ्यांनी एका सुरात संवाद म्हणायचे. लिंबू रंगाच्या साडीचा विषय निघाला की पिवळे रुमाल हलवायचे. दोघं तर साडी नेसून येणारेत. माझी पैठणी मागत होता!"

"दिलीस?"

"छे! जुनं इरकल काढून दिलं."

"हे खूळ आणलं कुठून?"

"अमेरिकेतून. 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' नावाचा 1975 चा सिनेमा. आधी साफ आपटला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका थेटरात त्याचे मध्यरात्रीचे खेळ लागले आणि लोक पडद्याला उलट उत्तरं द्यायला लागले. पडद्यावर लग्न लागलं की हे तांदूळ उधळणार."

"म्हणजे अक्षताच की!"

"आणि पाऊस आला की डोक्यावर वर्तमानपत्र धरायचं. मागचे पिचकाऱ्या मारतात."

"अगं, त्याच 1975 साली आपल्याकडे 'जय संतोषी माँ' लागला होता. बायका चपला काढून थेटरात शिरायच्या, पडद्यावर फुलं नि पैसे उधळायच्या. त्यांना कुणी शिकवलं होतं? बरं, हॉस्टेलात मराठी पोरं ती किती?"

"मूठभर. बाकी बिहारी, बंगाली, सगळे. खाली इंग्रजी अक्षरं येतील म्हणे. बंगाली रूममेटचं वेगळंच! म्हणतो, तुमचा सिनेमा आमच्या हृषीकेश मुखर्जींच्या 1966 च्या 'बीवी और मकान'वरून घेतलाय."

"खरंच आहे ते, रागवायचं काय त्यात? पण मला सांग, त्या पोराने सिनेमा पहिल्यांदाच बघायचा आणि हे आधीच ओरडणार. मग त्याला विनोद कळायचा कसा?"

"हे नाही सुचलं कुणाला."

"गंगेपलीकडे रामनगरला बघ. जवळजवळ दोनशे वर्षं रामलीला चालू आहे. एकतीस दिवस, ना माइक, ना विजेचा दिवा. अयोध्या एकीकडे, लंका दुसरीकडे, माणसं प्रसंगामागून प्रसंगाला चालत जातात. रामायणी चौपाया गातात, लोक मांडीवर पोथी उघडून त्यांच्याबरोबर म्हणतात. जयजयकार तर असा की कान बसावेत. पण संवादाची वेळ आली की व्यासजी हाळी देतात, 'चुप रहो, सावधान!' आणि हजारो माणसं गप्प. तिथे आरोळी संपेपर्यंत राम थांबतो. पडदा थोडाच थांबणार आहे?"

"मग काय सांगू त्याला?"

"पडद्याजवळ एकाला घंटा घेऊन उभं करा म्हणावं. पहिला अर्धा तास सगळ्यांनी नुसता ऐकायचा, नव्या माणसाला धनंजय माने, परश्या, सुधीर कोण ते कळू द्यायचं. मग घंटा वाजली की ओरडा. संवाद आधी पडद्यावर होऊ दे, मग तुमचा. आणि तांदूळ नकोत, अन्न आहे ते; झेंडूच्या पाकळ्या घ्या, झाडायलाही सोप्या. सिनेमाच्या हक्कवाल्यांची परवानगी काढलीय का?"

"विचारते. पण काकू, गप्प बसवलं तर पोरांची मजा जाईल असं म्हणेल तो."

"ओरडायला अक्कल लागत नाही गं. हजार माणसांनी एकदम गप्प बसायचं, त्याला तालीम लागते. आणि त्या शांततेनंतरची आरोळीच खरी. सिनेमा पंधरा दिवस पुढे ढकलायला सांग. अनंत चतुर्दशीला रामनगरची लीला सुरू होतेय. आधी पोरांना तिथे घेऊन जा म्हणावं."