पासिंग कोणाचं?

गाडी जुनी झाली की सल्लागार वाढतात. शोरूमवाला म्हणतो, ‘एक्स्चेंजमध्ये टाका.’ मेकॅनिक म्हणतो, ‘इंजिनकाम करू, मग दहा वर्षं बॉनेट उघडायला नको.’ मेहुणे म्हणतात, ‘काढून टाका,’ पण स्वतः घेत नाहीत. भंगारवाला काहीच म्हणत नाही; दारावरून फक्त दोनदा जास्त फिरतो.

गाडी म्हातारी कधी झाली म्हणायची, यावर सरकारचंही एकमत नाही. दिल्लीत १० वर्षांवरची डिझेल आणि १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी सरसकट बाद, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केला; तो २०२५ पर्यंत टिकला. तिथे बाद ठरलेल्या कितीतरी गाड्या एनओसी घेऊन दुसऱ्या राज्यांत गेल्या आणि तिथे पुन्हा तरण्या झाल्या. आपल्याकडे खासगी गाडीला १५ वर्षांनी पुन्हा पासिंग. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून थेट ५,००० झाली. गाडी विशी ओलांडून गेली असेल तर २०२५ पासून १०,०००. माणूस पंचाहत्तरीचा झाला की एसटी त्याला फुकट नेते. गाडीचं वय वाढलं की तिच्याकडूनच वसुली!

मग लोक मीटर बघतात. दोन लाख किलोमीटर! पण कुठले दोन लाख? विसरवाडी-नवापूरवरून सुरतेच्या हायवेला सरळ पळालेले, की तळोद्याहून चांदसैली घाट चढून धडगावला, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेटलेले? मीटरला दोन्ही सारखेच. क्लचप्लेटला आणि ब्रेक लायनरला मात्र फरक कळतो.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा या मीटर बघणाऱ्यांपेक्षा शहाणा. तो आधी दात बघतो, मग चालवून बघतो. कारण दातही घासता येतात हे त्याला ठाऊक असतं. गाडीचे दात म्हणजे मीटर. खरी बघायची ती चासी. तिला गंज लागून पत्रा हाताने सुटत असेल, ऑइल आणि कूलंट एकमेकांत मिसळत असेल, पार्ट मिळवायला महिना लागत असेल, किंवा घाट उतरताना ब्रेकपेक्षा देवावर जास्त भरवसा ठेवावा लागत असेल, तर निरोप द्यावा. तिथे माया नको.

पण हे काहीच नसेल तर? ‘ऐंशी हजारांच्या गाडीवर साठ हजार कशाला घालता?’ हा प्रश्न शहाणपणाचा वाटतो, पण हिशेब चुकीचा आहे. ऐंशी हजार ही विकणाऱ्याला मिळणारी रक्कम. चालवणाऱ्याने तुलना करायची ती नव्या गाडीच्या हप्त्याशी. सात लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी काढलं, तर महिन्याला १४-१५ हजार गेले. साठ हजारांत चार हप्ते भागतात. दुरुस्तीने गाडी दोन वर्षं नीट चालणार असेल, तर बिल कडू लागलं तरी भरावं. नवी गाडी घ्यायचीच असेल तर हौस म्हणून घ्यावी. जुनीवर ‘परवडत नाही’ असा आळ कशाला?

आता ते बिल जरा वाचा. बुश, शॉकअप, बॉल जॉइंट, लिंक रॉड, अलाइनमेंट. यातलं बरंचसं वयाने गेलेलं नाही, खड्ड्यांनी घालवलेलं आहे. म्हणजे गाडी घेताना एकरकमी रोड टॅक्स आपणच भरायचा, रोडने केलेलं नुकसान गॅरेजमध्ये आपणच भरायचं, आणि पंधराव्या वर्षी पाच हजार मोजून आरटीओत सिद्धही आपणच करायचं, की ही गाडी रस्त्यावर चालायच्या लायकीची आहे. रस्ता गाडी चालवायच्या लायकीचा आहे का, हे सिद्ध करायचा फॉर्म मात्र कुठल्याच खिडकीवर मिळत नाही.