पुतळ्याचा निळा

भीमजयंतीच्या मिरवणुकीत चित्ररथावर बसायला आमच्या गल्लीतल्या चौथीतल्या पोराची निवड झाली आणि चितेगावात कोटाचा शोध सुरू झाला. गांधीजी व्हायचं तर पंचा आणि काठी पुरते, टिळक व्हायचं तर पगडीनं निम्मं काम भागतं. बाबासाहेबांना कोट लागतो आणि तो खांद्यावर नीट बसावा लागतो. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेलेल्या, पुढं ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेल्या माणसाचा कोट तो. शहरात असे कोट भाड्यानं मिळतात. पण पोराची आजी म्हणाली, "बाबासाहेबांचा कोट भाड्यानं आणायचा नसतो," आणि विषय तिथंच मिटला.

कोट निळा हवा, यावर एकमत होतं. भांडण सुरू झालं ते कोणता निळा यावर. बाबासाहेबांचे बहुतेक फोटो कृष्णधवल. तेव्हा आपल्या मनातला निळा हा फोटोतला नसतोच, तो चौकाचौकांतल्या पुतळ्यांना दर एप्रिलमध्ये नव्यानं लागणाऱ्या ऑइलपेंटचा असतो. १९४२ साली स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा. त्या निळ्यानं पुढं कोटावर मुक्काम कधी केला, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. पोराच्या वडिलांना मात्र या बाबतीत थोडा अधिकार होता. पैठण रस्त्यावरच्या आमच्या या गावातून एके काळी रंगीत टीव्ही देशभर जात, आणि त्यांच्या उमेदीची वर्षं व्हिडिओकॉनच्या कारखान्यात पडद्यावरचे रंग न्याहाळण्यात गेलेली. शहरातल्या गुलमंडीवरच्या दुकानात त्यांनी एकेक ठाण डोळे बारीक करून पाहिलं आणि पुन:पुन्हा तेच सांगितलं, "यात हिरवा जास्ती आहे." दुकानदारानं सोशिकपणे ठाण उचललं आणि थेट उंबऱ्याबाहेर उन्हात नेलं. ट्यूबलाइटखाली जो निळा शाईसारखा दिसत होता, तो उन्हात एकदम शाळेच्या गणवेशाचा झाला. मग आम्ही सगळे रस्त्यात उभे राहून आभाळाखाली निळे तपासू लागलो, आणि दोन रिक्षावालेही मत द्यायला थांबले.

याच शहरात एके काळी कोटाचं कापड म्हणजे वेगळाच थाट होता. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. दरबारी पोशाख म्हणजे शेरवानी, आणि शेरवानीला शोभायचं इथलं हिमरू. सुती ताण्यावर रेशमी वेलबुट्टी. दुकानातल्या म्हाताऱ्या मुनीमजींनी तसा एक तुकडा काढून मांडीवर अलगद पसरलासुद्धा. तो इतका देखणा होता, की क्षणभर आम्ही कशाला आलोत याचाच विसर पडला. पण वेलबुट्टीतले बाबासाहेब कुणाच्याच डोळ्यांपुढं येईनात. मुनीमजींनाही येईनात, त्यांनी तुकडा घडी घालून परत ठेवला. शेवटी अठ्ठावन्न इंच पन्ह्याचं टेरीकॉट सुटिंग फाडून घेतलं. लोकरी कापडाचं नाव कुणी काढलंच नाही. एप्रिलमधलं मराठवाड्याचं ऊन चौथीतल्या पोराला आहे त्या कपड्यांतही पुरतं.

मला वाटत होतं, कापड घेतलं म्हणजे झालं. पण टेलरचाचांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीत कापड हा जेमतेम पहिला शब्द होता. अस्तर, छातीला कॅनव्हास, कॉलरला बकरम, खांद्याचे पॅड, रेशमी दोरा, पुढची मोठी बटणं, बाह्यांची बारकी बटणं. कोटाचा रुबाब जो काही असतो तो सगळा आतल्या, कुणाला न दिसणाऱ्या मालाचा असतो. आणि बाह्यांवरची बटणं तर निव्वळ अलिप्त. जन्मभर काजाशेजारी राहूनही उघडायची नाहीत. मी म्हटलं, "चाचा, ही नसली तर काय बिघडतं?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बॅरिस्टरचा कोट हाय नं?" मी निमूट बटणं मोजून घेतली.

खरी परीक्षा कच्च्या शिलाईच्या ट्रायलला झाली. पांढऱ्या धाग्यांनी टाचलेला अर्धा कोट अंगात घालून पोरगं ताठ उभं होतं. चाचा तोंडातल्या टाचण्या न काढताच म्हणाले, "बोट वर कर." पोरानं पुतळ्यासारखा हात उचलला, बोट पुढं रोखलं आणि सगळा कोट कमरेपासून उचलला जाऊन कानाला लागला. आजी हळहळली. चाचा मात्र खुशीत हसले. मुंढा खोल कापला की हाताबरोबर कोट वर जातो. तो बगलेलगत, नेमका घ्यावा लागतो, मग बाही फिरते आणि कोट जागेवर राहतो, असं त्यांनी मला खडूनं आखून दाखवलं. सुदैवानं कापायला अजून जागा ठेवलेली होती, पण मुंढा वर घ्यायचा म्हणजे बाजूचा तुकडा नव्यानंच बेतायचा. बसून राहणाऱ्या साहेबाचा कोट निराळा, बोट दाखवणाऱ्याचा निराळा, हे त्यांनी त्या दिवशी पोराकडं बघत बघत ठरवलं.

दरम्यान पोराच्या मागण्या वाढल्या होत्या. खिशाला पेन हवं, आणि ते खोटं नको, चालणारं हवं. वडिलांनी विचारलं, "रथावर बसून लिहिणार काय रे?" ते म्हणालं, "कुणी सही मागितली तर?" चाचांनी खिशाच्या आत पेनासाठी वेगळी शिवण मारायचं कबूल केलं. आजीनं तेवढ्यात धाकट्या नातवाकडं बोट करून बाह्यांत आणि बाजूंना चांगली माया सोडायला सांगितली, आणि अस्तराच्या उरलेल्या तुकड्याची मोठी पिशवी होईल का, म्हणून भावही विचारून ठेवला.