मामांची घोडसफारी

मराठी माणसाला घोड्यावर बसवू नये. रिकिबीत पाय गेला की त्याची पाठ ताठ होते, नजर क्षितिजाला लागते आणि तो थेट अटकेपार निघतो. लगाम धरून पुढे चालणारं पोरगं मग त्याच्या खिजगणतीतही राहत नाही. माथेरानला हा सोहळा रोज बघायला मिळतो. दस्तुरी नाक्यावर गाडी लावून आलेला बँकेतला साहेब दहा पावलांत सरदार होतो आणि अकराव्या पावलाला "अरे, हळू, हळू" करायला लागतो.

शहपुऱ्याचे मामा मात्र इतिहासात जाणाऱ्यांतले नव्हेत. ते जंगलात जातात. त्यांचं शहपुरा म्हणजे जबलपूरहून नरसिंहपूरकडे जाताना लागतं ते. रेल्वेनं गेलात तर स्टेशनाचं नाव भिटोनी. दुसरं शहपुरा दिंडोरी जिल्ह्यात. त्याच्या बाजूला घुघवाचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेली झाडं आहेत. "साइटिंग एकदम गॅरंटीचं," मामा सांगतात, "झाड पळत नाही न!" नागपूरकर भोसल्यांच्या अमलात मामांचा कुणी पूर्वज जबलपूरकडे गेला. १८१७ मध्ये इंग्रज आले, भोसले गेले, पण हे घराणं हललं नाही, कारण तिकडे मटार फार चांगला येतो. कान्हा आणि बांधवगड या दोन उद्यानांना मामा आपलं परसदार समजतात. कुठल्या तारखेला कुठला वाघ कुठल्या नाल्यात बसला होता, याची त्यांच्याकडे वही आहे.

असे मामा खव्याची जिलबी, दुर्बीण, वही आणि नखशिखांत खाकी कपडे घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, "तुमचा नॅशनल पार्क दाखव."

मी सांगितलं, माथेरान नॅशनल पार्क नाही. पश्चिम घाटातलं सुमारे ८०० मीटर उंचीचं गाव आहे. २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालंय, आणि पर्यटकांच्या गाड्या दस्तुरीच्या पुढे जात नाहीत.

"गाडी जात नाही?" मामांचे डोळे चमकले. "म्हणजे कोअर झोन!"

दस्तुरीला घोडेवाल्यांनी आम्हाला घेरलं. मामांनी एकाला बाजूला घेतलं.

"गाइड कुठे आहे?"

"मीच गाइड, मीच ड्रायव्हर."

"शिफ्ट सकाळची की दुपारची?"

"घोडा नाही म्हणेपर्यंत, साहेब."

मामांनी परवाना बघितला, दरफलक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि सात पॉइंट ठरवले. अमेरिकेतल्या भाच्यानं त्यांना सांगून ठेवलं होतं की, ग्रँड कॅन्यनला खेचरावर बसवण्याआधी माणसाला वजनकाट्यावर उभं करतात आणि जास्त भरला तर परत पाठवतात. "तुमच्याकडे काटा नाही?" मामांनी विचारलं. घोडेवाल्यानं त्यांच्याकडे वरून खाली एकदा पाहिलं, बाजूचा घोडा परत पाठवला आणि त्याहून रुंद पाठीचा सुलतान आणला. सुलताननंही मान वळवून मामांकडे पाहिलं. त्यानं सोडलेला सुस्कारा मला दूरवर ऐकू आला.

तंग आवळताना घोडेवाल्यानं सगळी अश्वविद्या एका वाक्यात शिकवली. "चढाला पुढे वाकायचं, उताराला मागे रेलायचं, आणि मध्ये काहीच करायचं नाही. घोड्याला सगळं माहीत आहे."

"आमच्याकडे हे घोडं का नाही, ठाऊक आहे?" ओट्यावरून खोगिरात बसता बसता मामा म्हणाले. "कान्हात जिप्सी चालते, वनखात्याचा हत्ती चालतो. पण वाघाच्या राज्यात घोडा म्हणजे सफारीचं वाहन नाही, त्याच्या जेवणाचा डबा आहे. आणि झाकण कोण? तर वर बसलेला." सुलताननं कान टवकारले. मराठी त्याला चांगलं समजत असावं.

तांबड्या मातीच्या वाटेवर शिरताच मामांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं आणि वाकून खाली पाहिलं. "ठसे ताजे आहेत."

"ताजेच असणार," घोडेवाला म्हणाला, "पुढे सुरतची फॅमिली गेलीय."

झाडीत माकडं ओरडली. "अलार्म कॉल!" मामा कुजबुजले.

"कुणीतरी वेफर्सचं पाकीट फोडलं."

वाटेत एक ई-रिक्षा आली. सुलताननं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. घोडेवाल्यानं मात्र पाहिलं आणि पुढचा अर्धा तास तो बोलत होता. पूर्वी नेरळहून वर यायला घोडा, पालखी नाहीतर स्वतःचे पाय. मग १९०७ मध्ये पीरभॉयांची छोटी गाडी आली, तरी घोडा राहिला. माणसानं ओढायच्या हातरिक्षा बंद करा, असं सुप्रीम कोर्टानं २०२५ मध्ये बजावलं, ते बरंच झालं. पण ई-रिक्षा वाढल्या की घोड्यानं कुठे जायचं?

"तुमचा घोडा कशाला भितो?" मामांनी विचारलं. वाघ, गेलाबाजार बिबट्या, असं काहीतरी त्यांना अपेक्षित असावं.

"पेव्हर ब्लॉकला," घोडेवाला म्हणाला. "मातीत नाल रुतते. ब्लॉकवर सटकते. पावसात तर विचारू नका."

पॉइंट म्हणजे काय, हे सुलतानकडून शिकावं. जिथे तो आपणहून थांबतो, तो पॉइंट. इको पॉइंटवर तमाम जनता दरीत तोंड घालून स्वतःचंच नाव ओरडत होती. मामांनी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना शांत करण्याचा प्रयत्न केला. एका मुलानं "अंकल" अशी हाक मारली आणि दरीनं ती अंकलना परत केली. शार्लोट तलावापाशी त्यांनी "पाणवठा आहे, इथे थांबू" म्हणून दुर्बीण काढली. गावाला पिण्याचं पाणी इथूनच जातं, हे ऐकून ती परत ठेवली. घोडेवाल्यानं माहिती पुरवली की १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट इथे पहिल्यांदा चढून आला आणि पुढे त्यानं घरच बांधलं.

"इतकं आवडलं?"

"उतरायचा कंटाळा आला असेल."

लुइझा पॉइंटकडे जाताना सुलताननं वाटेची दरीकडची कड धरली. हा इथल्या घोड्यांचा आवडता खेळ आहे. आत दोन माणसं जातील एवढी जागा मोकळी असते; घोडा मात्र कडेकडेनंच चालणार. मामांचा उजवा पाय प्रबळगडाच्या दिशेनं अधांतरी लोंबत होता. ज्या गृहस्थानं उघड्या जिप्सीत बसून वाघाच्या डोळ्याला डोळा भिडवला, त्याच्या तोंडून एक शब्द फुटेना. पुढचे काही पॉइंट असेच पार पडले. मी मागच्या घोड्यावरून "मामा, बघा, काय दृश्य आहे!" म्हणत होतो. ते "हो हो, बढिया आहे" म्हणत होते, पण त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते.

ते उघडले शेकरूनं. डोक्यावरच्या फांदीवर काहीतरी सळसळलं आणि तपकिरी, झुबकेदार शेपूट खाली लोंबलं. महाराष्ट्राचा राज्यप्राणी! मामा रिकिबीत ताडकन उभे राहिले. त्यांच्याबरोबर खोगीरही डावीकडे निघालं. घोडेवाल्यानं एका खांद्यानं मामा आणि दुसऱ्या हातानं खोगीर सावरलं, आणि अशा तिरक्या अवस्थेत मामांनी दुर्बिणीतून शेकरू पाहून घेतलं. मागे घोडे अडत गेले. वाट अरुंद, पुढचा हलेना म्हणून मागचा थांबला, आणि काय आहे, काय आहे, म्हणत माना उंचावल्या. मामा भारावून म्हणाले, "आता कसं अगदी कान्हा वाटतंय!"

परतीला सुलतानला तबेल्याची आठवण झाली आणि त्यानं दुडकी धरली. मामांचं हाडन् हाड त्याच्या तालावर बोलत होतं. दस्तुरीला त्यांना तिघांनी मिळून उतरवलं. पाय जमिनीला लागले, पण दोन गुडघे काही जवळ येईनात.

घोडेवाल्यानं सात पॉइंटचे पैसे मागितले. मी भांडायच्या तयारीत पुढे सरलो. "सात कसले? यांनी तीन पॉइंटच्या वेळी डोळे मिटले होते!"

"पॉइंट होता की नाही तिथे?" तो शांतपणे म्हणाला. "आम्ही नेतो. बघायचं पाहुण्यानं."

मामांनी मला मागे ओढलं आणि पाकीट काढून सगळे पैसे मोजून दिले. "दे रे, भांडू नको. कान्हात वाघ दिसला नाही म्हणून कुणी परमिटचे पैसे परत दिलेत का? आणि इथे तर उलटं आहे. पॉइंट हजर होते, मीच दिसलो नाही त्यांना."