वशिल्याची लेन्स

माझ्या कॅमेऱ्याला समोरचा माणूस कोण हे कळत नाही, पण मानेवर बसलेली लेन्स कोण हे क्षणात कळतं. लेन्स खट् आवाज येईपर्यंत फिरवली की सोनेरी टिकल्या एकमेकींना भिडतात आणि लेन्समधली चिप बॉडीला सगळं सांगून टाकते : नाव, फोकल लेंथ, अॅपर्चर किती मोठं उघडतं, झूम सध्या कुठे आहे. बॉडी लगेच सरबराईला लागते. काळवंडलेले कोपरे उजळते, फुगलेल्या भिंती सरळ करते. लेन्स लहान सेन्सरची निघाली तर मला न विचारता फ्रेम कापते. माझ्या निकॉन डी७५०चे २४ मेगापिक्सेल तेव्हा १० वर येतात.

लेन्स जिथे बसते तो निकॉनचा एफ माउंट १९५९चा, आणि माझ्या डी७५०वरही तोच. त्याबद्दल मी इतक्या अभिमानाने बोलतो की ऐकणाऱ्याला तो मीच घडवला असं वाटावं. याच अभिमानापोटी मी ५० एमएमची एक जुनी, चिप नसलेली लेन्स घेतली. ती झोकात बसली, आणि कॅमेऱ्याने तिला ओळखही दाखवली नाही. अॅपर्चरच्या जागी खरा आकडा नाही. पूर्ण उघड्यापासून किती स्टॉप खाली, एवढाच हिशेब.

यावर तोड आहे. मेन्यूत 'नॉन-सीपीयू लेन्स डेटा' नावाची सोय असून तिथे नऊ लेन्सची फोकल लेंथ आणि अॅपर्चर आपल्या हाताने भरता येतं. भरलं की मॅट्रिक्स मीटरिंग, म्हणजे साऱ्या फ्रेमचा प्रकाश मोजणंही, सुरू होतं. गंमत अशी की कॅमेरा काही पडताळून पाहत नाही. माझी लेन्स एफ/१.८, मी भरलं १.२. फोटोच्या माहितीत १.२ छापून आलं. ग्रुपवर एकाने लिहिलं, "१.२ची मजाच वेगळी, साहेब!" मी नम्रपणे आभार मानले.

पण या शास्त्रात मी बालवाडीत आहे. खरे पंडित लायका कॅमेरेवाले. त्यांच्या एम माउंटला विजेच्या टिकल्याच नाहीत. मग २००६मध्ये एम८ हा डिजिटल कॅमेरा आला तेव्हा कंपनीने लेन्सच्या मागच्या कड्यावर सहा ठिपके दिले, कुठला काळा, कुठला पांढरा. बॉडी ते प्रकाशाने वाचते. सहा ठिपक्यांच्या ६४ मांडण्या होतात. आता एम माउंट १९५४चा, म्हणजे अर्ध्या शतकाच्या लेन्स बिनठिपक्यांच्या. राजमार्ग म्हणजे लेन्स कंपनीकडे पाठवून ठिपके घालून घ्यायचे. पण एवढा धीर कुणाला? लोकांनी स्टेशनरीच्या दुकानातला काळा मार्कर आणला आणि लाखमोलाच्या लेन्सवर स्वतःच ठिपके काढले. लेन्स चार वेळा काढ-घाल केली की शाई घासून जायची आणि कॅमेरा ओळख विसरायचा. मग शाई टिकावी म्हणून कड्यात बारीक खळगे पाडणारेही निघाले. काहींनी तर दुसऱ्याच कंपनीच्या लेन्सवर ठिपके काढले, आणि फोटोच्या माहितीत खुशाल लायकाच्या लेन्सचं नाव उमटलं! माझं १.२ यांच्यापुढे अगदीच बाळबोध.

हसता हसता एक गोष्ट मात्र खटकते. २००८मध्ये आलेल्या मायक्रो फोर थर्ड्स या माउंटच्या लेन्स आपल्या दोषांवरचा उतारा चिपमध्ये सोबत घेऊनच येतात. फुगलेली भिंत व्ह्यूफाइंडरमध्येसुद्धा दिसत नाही. आपण म्हणतो, काय लेन्स आहे! माझ्या बिनचिपीच्या लेन्सचे कोपरे मात्र काळे ते काळेच, आणि आपण म्हणतो, जुनाट आहे. सरकारी कचेरीत हेच चालतं. ज्याला आतल्या कुणाचं नाव सांगता येतं, त्याच्या अर्जातल्या चुका आतल्या आत दुरुस्त होतात. ज्याला येत नाही, त्याचा अर्ज एका काना-मात्रेसाठी परत येतो आणि त्याचा दिवसाचा रोज बुडतो. मी नाव सांगता येणाऱ्यांपैकी आहे. माझे अर्ज स्वच्छ असतात असं मी कित्येक वर्षं समजत आलो.

असो. तुमच्याकडे जुनी निकॉन लेन्स असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. १९७७च्या आधीची, एआय (म्हणजे बॉडीला अॅपर्चर कळवणारी निकॉनची यांत्रिक सोय) नसलेली असेल, तर डी७५०सारख्या बॉडीवर जोर लावून बसवू नका; बॉडीवरचा लिव्हर मोडू शकतो. आणि मेन्यूत आकडे खरे भरा. कॅमेरा तपासत नाही, नुसता छापतो.