बाजव्यात दलाली : नवशिक्यांसाठी काही सूचना

पाटी आधी लावावी, दुकान मागाहून बघता येतं. पाटीवर सगळ्यात वर एखाद्या देवीचं नाव, खाली 'एस्टेट कन्सल्टंट', त्याखाली 'जमीन-मकान-दुकान, लेवेच, भाडे' (लेवेच म्हणजे खरेदी-विक्री). फोन नंबर घरातल्या अशा माणसाचा द्यावा ज्याला दुपारी झोप येत नाही. टेबलाच्या काचेखाली टीपी स्कीमचा, म्हणजे नगररचना योजनेचा, नकाशा पसरून ठेवावा. तो तुम्हाला वाचता आला नाही तरी बिघडत नाही, गिऱ्हाईकालाही येत नाही. बोट कुठे ठेवायचं तेवढं पाठ करावं.

धंद्याला जागा मात्र तुम्ही बरी निवडलीत. बडोदा सोडून गाडी अहमदाबादकडे निघाली की पहिलं स्टेशन बाजवा. शेजारी १९६२ साली स्थापन झालेली जीएसएफसी ही खत कंपनी, पलीकडे १९६५ पासून चालू असलेली कोयलीची रिफायनरी. जवळची करोडिया आणि उंडेरा ही गावं २०२० मध्ये महापालिकेत गेली, तेव्हापासून या पट्ट्यात ज्याच्याकडे दोन गुंठे आहेत तो पाय आखडून बसत नाही. बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या मराठी माणसाला बाजवा अजून परगाव वाटतं, त्याच्यावर वेळ घालवू नये. तुमचं गिऱ्हाईक कारखान्याच्या गेटातून बाहेर पडतं.

सुरुवात भाड्यापासून करावी. एखाद्या कारखान्यात शटडाऊन निघालं, म्हणजे प्लँट बंद ठेवून देखभालीची मोठी कामं काढली, की महिना-दीड महिन्यासाठी फिटर, वेल्डर, रिगर झुंडीनं येतात. कुणी ओडिशाचं, कुणी उत्तर प्रदेशचं, कुणी आपल्या धुळ्या-जळगावचं. त्यांना घर नको असतं, पाठ टेकायला जागा हवी असते. दोन खोल्यांत आठ खाटा मावतात हे ज्या घरमालकाला पटलं तो जन्मभर तुमचा. माणसं दीड महिना राहणार असली तरी करार अकरा महिन्यांचाच करावा. वर्षाहून जास्त मुदतीचा केला तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो, आणि नोंदणी म्हटली की घरमालकाला अचानक मुलाच्या लग्नासाठी खोली लागते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणं हे घरमालकाचं काम. तो ते तुमच्यावर ढकलेल, तुम्ही कंत्राटदाराच्या सुपरवायझरवर ढकलावं. सुपरवायझर तोवर जामनगरला पोचलेला असतो.

हात बसला की विक्रीकडे वळावं. इथे पहिला धडा अंतराचा. बाजव्याहून सगळं दहा मिनिटांवर असतं. बडोदा स्टेशन दहा मिनिटं, मेमू मिळाली आणि मेमूनं मनावर घेतलं तर. छायापुरी स्टेशन दहा मिनिटं, एक्स्प्रेस-वे दहा मिनिटं. ऑक्टोबर २०२४ मध्ये टाटा-एअरबसच्या विमान कारखान्याचं उद्घाटन झालं, तेव्हापासून शहराच्या दुसऱ्या अंगाला असूनही तोही दहा मिनिटांवर आला आहे. बुलेट ट्रेन अजून धावत नाही, म्हणून ती पाच मिनिटांवर धरायला हरकत नाही.

साइट कधी दाखवायची हे कळायला मात्र वर्षं जातात. मुख्य मार्गावरच्या गाड्यांचं वेळापत्रक पाठ असावं, आणि दोन गाड्यांच्या फटीत बाल्कनीचं दार उघडावं. मालगाडीला वेळापत्रक नसतं. ती आली तर मोठ्यानं लिफ्टबद्दल बोलावं. वारा कुठून आहे तेही निघण्याआधी बघून घ्यावं. कारण नवरा हॉलमध्ये उभा राहून फुटाचा भाव नि पार्किंग विचारत असतो, आणि बाई सरळ स्वयंपाकघरात जाऊन खिडकी उघडते.

"हा वास कसला हो?"

"पावसाळी हवा आहे ना, वहिनी."

"मार्चमध्ये?"

"म्हणजे... शेजारी रंगकाम चाललंय."

दुसरं कारण नेहमी तयार असावं ते यासाठी. बाई काही बोलत नाही. नळ सोडते, पाणी हातावर घेते, तोटीच्या बुडाशी साचलेल्या पांढऱ्या थरावर नख ओढून बघते. बोअरचं पाणी तिला कळलेलं असतं. मग ओट्याशेजारची जागा वितीनं मोजते. मशीन बसतं की नाही ते तिला टेप न लावता समजतं. नवऱ्याचे प्रश्न ऐकल्यासारखे करावेत आणि लक्ष त्या वितीवर ठेवावं. सौदा तिथे होतो किंवा मोडतो.

सॅम्पल हाऊस दाखवायचं असेल तर काम सोपं. तिथला पलंग मुद्दाम आखूड करून घेतलेला असतो, आतल्या खोल्यांना दारं लावलेली नसतात, कपाटाची खोली पुस्तकाच्या रुंदीएवढी. गिऱ्हाईक पलंगावर बसेल, आडवं होऊ देऊ नये.

वासाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सरळ सांगतो. ११ नोव्हेंबर २०२४ ला कोयलीच्या रिफायनरीत टाकी पेटली, स्फोट झाला, कामगार दगावले. असं काही झालं की गिऱ्हाईक गच्चीवर चढून चिमण्यांकडे बघत उभं राहतं. घर मात्र इथंच घेतं, कारण सकाळच्या पाळीला त्याला तिथंच जायचं असतं. अशा वेळी दलालानं 'एकदम सेफ एरिया आहे' हे वाक्य तोंडातून काढू नये. समोरच्याला आतलं तुमच्याहून जास्त माहीत असतं.

पुराचंही विचारतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री शहरात शिरली, सोसायट्यांमधून मगरी धरून न्याव्या लागल्या, त्यानंतर बडोद्यात घर बघणारा माणूस आधी पाण्याचं विचारतो, मग खोल्यांचं. उत्तर ठरलेलं : "विश्वामित्री इथून कुठे, विश्वामित्री तिकडे!" नदी लांब आहे हे खरंच आहे. पावसाळी कांस, म्हणजे नाला, कुठून जाते हे त्यानं विचारलेलं नाही, आणि न विचारलेल्याचं उत्तर देणं अभ्यासक्रमात नाही. शहाणं गिऱ्हाईक कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारतं. पानवाल्याला महिन्याला काय द्यायचं ते तुम्ही बघा.

आता क्षेत्रफळ. साडेअकराशे फूट म्हणावं, आत साडेसहाशे निघतं. मधले पाचशे जिना, लिफ्ट, गेट, वॉचमनची खोली आणि बिल्डरची आशा यांत विरघळलेले असतात. रेरा कायद्यानं हा खेळ बिघडवला. २०१६ चा कायदा, मे २०१७ पासून पूर्ण लागू. पाचशे चौरस मीटरहून मोठी जमीन आणि आठहून जास्त घरं असली की प्रकल्पाची नोंदणी आणि विक्रीचा हिशोब कार्पेट क्षेत्रफळावर. नोंदणीआधी जाहिरात नाही, बुकिंग नाही. नोंदवलेला करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही. अशा प्रकल्पातलं घर विकायचं तर तुमचीही नोंदणी हवी, नाहीतर दिवसाला दहा हजार दंड, घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत चढत जाणारा. नोंदणी करून घ्यावीच. प्रमाणपत्राला चौकट करून देवीच्या फोटोखाली लावावं, म्हणजे गिऱ्हाईक आपोआप दोघांनाही नमस्कार करतं.

कागद मागणारं गिऱ्हाईक क्वचित येतं, पण येतं. बहुतेक निवृत्त बँकवाला असतो. ७/१२ बघतो, बिनखेतीचा, म्हणजे एनएचा, हुकूम मागतो, तीस वर्षांचा टायटल सर्च कुठाय विचारतो, टीपीमध्ये फायनल प्लॉट नंबर पडलाय का ते बघतो, आणि शेवटी चष्मा पुसत म्हणतो, "बीयू आलंय का?" बीयू, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, आलेल्या घरावर जीएसटी नाही, बांधकाम चालू असलेल्यावर पाच टक्के, परवडणाऱ्या गटात एक. हे तुम्हाला माहीत असलं तर तो चहा घेतो. जुन्या गावातलं, गामतळातलं घर त्याला दाखवू नये. तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आणि पंचायतीच्या आकारणीची पावती एवढाच पुरावा असतो, आणि कर्ज देणारी बँक पावती उलटीसुलटी करून परत देते. स्वस्त मिळतंय म्हणून पुणेकर भाच्याच्या गळ्यात शेतजमीन बांधायलाही जाऊ नये. मुंबई प्रांताच्या १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ गुजरातेत अजून जिवंत आहे, शेतकरी नसलेल्याला इथे शेतजमीन परवानगीवाचून घेता येत नाही.

यापुढची सूचना लिहिताना हात आखडतो, पण धंदा शिकवायचा तर सगळा शिकवावा. आडनाव विचारायचं नाही. "मूळ क्यांना?", म्हणजे मूळचे कुठले, असं विचारायचं. मग "जेवणाचं कसं?" या दोन प्रश्नांत सोसायटीला हवं ते सगळं कळतं, आणि कुणी काही विचारलं असं म्हणता येत नाही. बडोद्याच्या काही भागांना १९९१ चा अशांत धारा लागू आहे, तिथे घर विकायला आधी कलेक्टरची मंजुरी लागते. बाकी ठिकाणी कलेक्टरचं काम दलाल फुकट करतो. मालवणी माणसाला 'सोसायटी व्हेज आहे' सांगितलं की तो हसून निघून जातो, दुसरीकडे घर मिळेल हे त्याला ठाऊक असतं. ज्याला हसता येत नाही, त्याच्यासाठी तुमच्या टेबलाशी खुर्चीच नसते. हे नवशिक्यांनी कुणी न सांगता शिकलेलं असतं, म्हणून ही सूचना इथेच संपवतो.

पैशांकडे येऊ. मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१५ पासून आयकर कायद्यानं बंदी आहे. म्हणून रोख हा शब्द उच्चारू नये, 'किती वरचे?' एवढंच विचारावं. वरचे किती हे जंत्रीवर, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दरावर ठरतं. एप्रिल २०२३ मध्ये जंत्री वाढली, जमिनीची दुप्पट झाली, तेव्हा चेकचा भाग फुगला आणि बरेच चेहरे उतरले. मुद्रांक ४.९ टक्के, नोंदणी फी एक टक्का, बाईच्या एकटीच्या नावावर घर असेल तर फी माफ. या एका टक्क्यानं बाजव्यात जेवढ्या बायका घराच्या मालकीण झाल्या, तेवढ्या भाषणांनी झाल्या नसत्या.

दस्तावेजाच्या दिवशी तुम्ही सब-रजिस्ट्रार कचेरीत सगळ्यांच्या आधी हजर असावं. दलाली दोन्हीकडून एकेक टक्का ठरलेली असते, म्हणजे दोघांनीही तुम्हाला एक टक्का सांगितलेला असतो आणि मनात अर्धा धरलेला असतो. ती अंगठा लावण्याआधी मागावी. फोटो निघाला, अंगठा लागला की विकणाऱ्याला रक्तदाबाची गोळी आठवते आणि घेणाऱ्याचा मेहुणा पुढे येऊन म्हणतो, "भाऊ, तुमचं बघूच ना." मेहुण्याशी वाद घालू नये, त्याला घर दाखवावं.

आठवड्याभरात कळतं की तुमचं ते गिऱ्हाईक सोसायटीतला उरलेला फ्लॅट रिफायनरीतल्या मित्राला दीड टक्क्यानं दाखवत फिरतंय, वासाला 'शेजारी रंगकाम' असंच सांगतंय. चिडू नये. वरच्या मजल्याची किल्ली अजून तुमच्याकडे आहे. पाऊण-पाऊण ठरवून घ्यावं.