टायगर वाळतोय, हात लावू नका

माणूस म्हणाल तर वाईट नाही. संकष्टी पाळतो, मेंटेनन्स एक तारखेला भरतो, आपण पोहोचेपर्यंत लिफ्टचं दार धरून उभा राहतो. त्याच्या घरी गेल्यावर फक्त एक पथ्य पाळायचं, कोपऱ्यातल्या टेबलाला हात लावायचा नाही. टेबलावर काही नसलं तरी नाही. जिथे काही नाही असं आपल्याला वाटतं, नेमकी तिथे टायगर रणगाड्याच्या झाकणाची मूठ वाळत पडलेली असते.

प्लास्टिकचे रणगाडे जोडून रंगवणाऱ्या प्रौढ गृहस्थांची जमात आपल्याकडे मोठी नाही. तिकिटं जमवणारे, बोन्साय करणारे, जुनी गाणी रेकॉर्डच्या नंबरासकट सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. रणगाडेवाला शोधावा लागतो. खूण सांगून ठेवतो. उजव्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर सुपरग्लूचा वाळलेला पापुद्रा असतो. त्यामुळे ऑफिसातलं हजेरीचं मशीन त्याला ओळखच देत नाही आणि दर सोमवारी शिपायाच्या साक्षीने वहीत सही करावी लागते.

आमच्या सोसायटीतल्या नमुन्याला सगळे सेनापती म्हणतात. नोकरी बँकेत, ऑडिटला. लष्कराशी संबंध कॉलेजातल्या एनसीसीपुरता, तोही बूट चावतात म्हणून दुसऱ्या वर्षी संपला. पण जुलै १९४३च्या कुर्स्कच्या लढाईचा विषय निघाला की म्हणतात, "आपण तिथे घाई केली." यातले 'आपण' म्हणजे नक्की कोण, असं विचारलं की चहा थंड होतोय हे त्यांच्या लक्षात येतं. कारण सेनापती घरचे समाजवादी, वडील सेवादलातले, आणि शोकेसमधले सगळ्यांत देखणे रणगाडे हिटलरच्या फौजेचे. या छंदातली ही अवघड जागा आहे. त्यावर उतारा म्हणून प्रत्येक जर्मन रणगाड्याशेजारी ते एक रशियन टी-३४ ठेवतात.

टायगरबद्दल त्यांनी मला जे सांगितलंय तेवढं माझ्या सख्ख्या भावाबद्दल मला माहीत नाही. वजन ५७ टन, तोफ ८८ मिलिमीटरची, चाकं एकमेकांत गुंतवून बसवलेली, त्यामुळे रशियाच्या थंडीत मधला चिखल गोठला की गाडी जागच्या जागी जाम. इतर रणगाड्यांना वळवायला दांडे असत, याला चक्क स्टिअरिंग होतं, आणि हा अगडबंब प्राणी उभ्या जागी गिरकी घेऊ शकायचा. हे सांगताना सेनापती हाताने गिरकी करून दाखवतात. त्यांची स्वतःची ॲक्टिव्हा पार्किंगमधून मागे घ्यायला मात्र वॉचमन लागतो.

खोकं उघडल्यावर आत रणगाडा नसतोच. असतात त्या प्लास्टिकच्या चौकटी, त्यांना स्प्रू म्हणायचं, आणि त्यांना लटकलेले शेकडो तुकडे. प्रत्येक तुकडा कापायचा, कापल्याची खूण घासायची, साच्याची रेघ राहिली असेल तर तीही घासायची, खळगा दिसला तर पुटी भरून परत घासायचं. टायगरच्या पट्ट्याला एका बाजूला ९६ कड्या. चांगल्या किटमध्ये त्या सुट्या येतात, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून १९२ कड्या एकेक करून साफ करायच्या. रबराचे तयार पट्टेही मिळतात, पण ते वापरणाऱ्याबद्दल सेनापती ज्या सुरात बोलतात, त्या सुरात आमच्याकडे विकतच्या लोणच्याबद्दल बोललं जातं. हे सगळं करून पट्ट्याचा वरचा भाग मडगार्डखाली झाकला जातो. "मग तिथे कशाला घासलं?" असं मी एकदा विचारलं. "मला माहीत असतं ना," ते म्हणाले. ऑडिटमध्ये त्यांना कोणी का घाबरतं, ते तेव्हा कळलं.

या घराची खरी रणभूमी मात्र फरशी आहे. आमची इमारत जुनी, त्यामुळे सगळीकडे मोझॅक: पांढऱ्यावर काळे, करडे, तपकिरी ठिपके. चिमट्यातून निसटलेला करडा तुकडा या फरशीवर पडला की तो फरशीचाच होतो. टिक् असा आवाज आला की सेनापती एकच शब्द उच्चारतात, "थांबा!" आणि घरातलं माणूस जिथे असेल तिथे थांबतं. वहिनी हातात कुकर घेऊन, मुलगी एक पाय चपलेत घालून, कामाच्या मावशी फडकं अधांतरी धरून. मग सेनापती मोबाइलचा टॉर्च लावून फरशीवर आडवे होतात, गाल जमिनीला टेकवतात आणि उजेड तिरपा टाकून सावल्या शोधतात. मावशींना आता यातलं बरंच कळतं. परवा केरात त्यांना एक तुकडा सापडला तर म्हणाल्या, "साहेब, हे तोफेचं हाय का चाकाचं?"

सगळा खेळ पस्तिसाव्या हिश्श्याचा. मूळ रणगाड्याचे ३५ सेंटिमीटर म्हणजे इथला एक. सेनापतींना या मापाची इतकी सवय झाली आहे की नव्या माणसाकडे ते आधी त्या नजरेने बघतात. त्यांच्या सासूबाई साडेचार सेंटिमीटरच्या भरतात. एका पान्याची दांडी अर्धा मिलिमीटर जाड निघाली म्हणून त्यांनी रात्र जागवली आहे. आता या पवित्र पस्तिशीची जन्मकथा. जपानातल्या शिझुओकात १९४६ साली लाकडाच्या धंद्यातून उभी राहिलेली तामिया ही कंपनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला प्लास्टिकचा पँथर रणगाडा काढायला निघाली. तो चालणारा हवा होता. म्हणजे आत मोटर बसली पाहिजे, बॅटऱ्या बसल्या पाहिजेत. त्या मावतील एवढा रणगाडा केला आणि मग माप काढलं, ते सुमारे एकास पस्तीस आलं. पुढे तोच आकार चालू राहिला आणि बाकीचे कारखानेही त्याच वाटेने गेले. म्हणजे जगभरचे सेनापती व्हर्नियर घेऊन ज्या मापाशी इमान राखतात, ते मुळात बॅटरीच्या कप्प्याचं माप. ही गोष्ट मीच एकदा उत्साहाने त्यांना ऐकवली. "माहीत आहे," एवढंच म्हणाले आणि दोन दिवस जिन्यात भेटले तरी हसले नाहीत.

रंगकामाला मुहूर्त लागतो. पावसाळ्यात हवा दमट, लॅकरच्या रंगावर पांढुरकी साय धरते. एप्रिल-मेमध्ये रंग एअरब्रशच्या तोंडाशीच वाळतो. उरला दिवाळी ते संक्रांत हा काळ, त्यात नेमकी लग्नं. मागच्या डिसेंबरात भाच्याच्या लग्नाच्या आदल्या रात्री कंप्रेसर घरघरत होता. तळमजल्यावर नव्याने राहायला आलेल्या आजोबांनी सकाळी वॉचमनला विचारलं, पंक्चरचं दुकान वर दुसऱ्या मजल्यावर कसं काय काढलं?

रंगाच्या बाबतीत सेनापती तडजोड करत नाहीत. जर्मन रणगाडे आधी गडद करडे असत, फेब्रुवारी १९४३मध्ये हुकूम निघाला आणि मूळ रंग गडद पिवळा झाला. हा पिवळा नेमका कसा, यावर जगात अजून एकमत नाही. कोणी हिरवट म्हणतं, कोणी वाळूसारखा. सेनापतींनी रंगाच्या बाटल्या ओळीने मांडून वहिनींना कौल लावायला बोलावलं. वहिनींनी चष्मा लावला, खिडकीपाशी नेऊन प्रत्येक पट्टी पाहिली आणि म्हणाल्या, "हा शिळ्या पिठल्याचा." सेनापतींनी तीच बाटली घेतली. माझ्या मते या वादात इतका नेमका अभिप्राय बर्लिनमध्येही कोणी दिला नसेल.

इथवर एक निष्कलंक, सुंदर, कुठे बोट ठेवायला जागा नाही असा रणगाडा तयार होतो. आणि आता सेनापती तो खराब करायला घेतात.

हा भाग समजायला मला वेळ लागला. आधी तपकिरी रंग तेलासारखा पातळ करून प्रत्येक रिव्हेटच्या मुळाशी सोडायचा, म्हणजे मळ साचलेला दिसतो. मग पोपडे. त्यासाठी खाली गंजाचा रंग, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर खरा रंग, आणि शेवटी ओल्या ब्रशने हलकेच चोळलं की मधला हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग टवके उडाल्यासारखा निघतो. हेअरस्प्रे आणायला सेनापती स्वतः गेले होते. दुकानदाराने आधी डबीकडे पाहिलं, मग त्यांच्या टकलाकडे आणि मग "घरच्यांसाठी का?" असं फार सांभाळून विचारलं. धुराड्याला वेगळा गंज. पेट्रोल सांडल्याचे ओघळ. शेवटी चिखल, तोही कुठला तरी नाही, वसंतात बर्फ वितळल्यावरचा युक्रेनचा. खालचा ओला, वरचा सुकलेला, आणि त्यात चहाची वाळवलेली पत्ती चाळून, म्हणजे पालापाचोळा. वहिनी चोथा टाकून देण्याआधी आता विचारतात.

हेच सेनापती दारातल्या पायपुसण्यावर कोणी ओला पाय ठेवला तर "अहो!" म्हणून ओरडतात. त्यांच्या ॲक्टिव्हाच्या सीटचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. टीव्हीच्या रिमोटला पिशवी, पिशवीला रबर. गेल्या वर्षी कोणीतरी पार्किंगमध्ये गाडीला ओरखडा काढला तेव्हा ते जेवले नाहीत. संध्याकाळी समाचाराला गेलो तर खाली गाडीपाशी उकिडवे बसले होते. मला म्हणाले, "हे बघा, कडेला प्रायमरची करडी रेघ दिसतेय. आम्ही इथेच चुकतो, डायरेक्ट गंज दाखवतो." आणि दुःखाच्या भरातच त्यांनी तीन कोनांतून फोटो काढले.

वहिनींबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. चौदा फेब्रुवारीला सेनापती खोकं घेऊन आले आणि "व्हॅलेंटाइन आणलाय" म्हणाले, तेव्हा लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या त्या बाईने अंबाडा नीट करून खोकं उघडलं. आत ब्रिटिश बनावटीचा सोळा टनी व्हॅलेंटाइन रणगाडा होता. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त त्या रात्री शिर्डीला जायचा हट्ट धरला.

आणि तिथेच फसल्या. पुण्याहून शिर्डीची वाट नगरवरून जाते. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १९९४मध्ये सुरू झालेलं लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. तिथे मॅटिल्डा आहे, चर्चिल आहे, आणि खराखुरा व्हॅलेंटाइनही. बाकीची माणसं तोफेखाली मुलं उभी करून फोटो काढतात. सेनापती उताणे पडून बोल्टचे काढतात. बाबांना अर्धा तास मिळाला, मॅटिल्डाला तीन. वहिनींनी झाडाखाली बसून भेळ खाल्ली, मग पर्समधून विणकाम काढलं. त्या तयारीनेच आल्या होत्या.

नगरची आणखी एक गोष्ट. पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल जन्माने पुण्याचे. बसंतरच्या लढाईत १६ डिसेंबर १९७१ रोजी, एकविसाव्या वर्षी, ते ज्या सेंच्युरियनमध्ये लढता लढता कामी आले त्याचं नाव 'फामागुस्ता'. तो नगरलाच आर्मर्ड कोअरच्या केंद्रात जपून ठेवला आहे. सेनापतींनी सेंच्युरियनचं किट घेऊन त्यावर ते नाव हाताने रंगवलंय, कारण खोक्यात आपल्या पलटणीच्या खुणा येत नाहीत. जुळणी झाली, रंग झाला, आणि पुढे काम थांबलं. टवके, जळाल्याचे डाग यातलं काहीही त्यावर करायला ते तयार नाहीत. "बाकीच्यांवर मी अंदाजाने करतो," म्हणाले. "इथे अंदाज नको." यावर मला काही चेष्टा सुचली नाही.

माळ्यावर न उघडलेली खोकी किती, हे विचारू नये. उरलेलं आयुष्य आणि उरलेली खोकी यांचा ताळेबंद जुळत नाही, आणि ऑडिटर असूनही सेनापती त्यावर शेरा मारत नाहीत.

दिवाळीत सोसायटीतल्या पोरांनी किल्ला करायला घेतला आणि हौसेने सेनापतींना बोलावलं. चूक झाली. त्यांनी पट्टी आणली. महाराज बुरुजापेक्षा उंच आहेत, गवळण तोफेच्या दुप्पट आहे, विहिरीतलं प्लास्टिकचं बदक या हिशेबाने घोड्याएवढं होतंय, असे आक्षेप त्यांनी एका दमात नोंदवले. हळीव पेरून उगवलेलं गवत मावळ्यांच्या छातीपर्यंत येतं, ते कापायला हवं. पोरांनी ऐकून घेतलं. मग त्यातल्या सर्वांत धाकट्याने विचारलं, "काका, तुमचा रणगाडा चालतो का?"

"नाही."

"मग दाराशी उभा करायला द्या."

शिवकाळात रणगाडा नव्हता, हे सांगून झालं. महाराजांनी तो नक्की वापरला असता, असं उत्तर आलं, आणि त्यावर सेनापतींजवळ काही नव्हतं. शेवटी एक बिघडलेला, पट्टा तुटलेला टी-३४ त्यांनी खाली आणून दिला. चार दिवस तो महादरवाजाशी उभा होता. वरून पाणी शिंपडलं जात होतं, माती उडत होती, एकदा अख्खा बुरूजच त्याच्यावर कोसळला. भाऊबीजेच्या संध्याकाळी पोरांनी तो परत केला तेव्हा चाकांत, पट्ट्यांत, तोफेखाली चांगला बोटभर चिखल थापला होता.

सेनापतींनी तो जिन्यातल्या दिव्याखाली धरला, भिंग लावून सगळीकडून फिरवून पाहिला.

"छे," ते म्हणाले, "हा चिखल खरा वाटत नाही." आणि धुवायला वर घेऊन गेले.